अर्धी पाळी हिरामणची

हिरामणच्या सुनेचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेलेले. मी कोपरीतल्या माझ्या खोलीत खुर्चीवर बसून श्वास जमवत होतो. आंघोळीनंतर मला तेवढा वेळ लागतोच आता. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी म्हटलं, "कुठं गेला? त्याला फोन दे." ती रडायला लागली. तरी मी पुन्हा म्हटलं, "आधी त्याला फोन दे..." माझा स्वभावच तसला. समोरचा काय सांगतोय ते ऐकायच्या आधी आपलं म्हणणं पुरं करायचं. त्या स्वभावाने मी काय करून बसलो ते सांगायला हे लिहितोय. हिरामणला जाऊन आता सात आठवडे झाले.

मी चौथी शिकलो. खेडहून ठाण्याला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाचा एक कारखाना होता, आता बंद आहे, तिथे मला पावडर खात्यात घेतलं. रंगाची कोरडी पावडर पिंपातून काढायची, चाळायची, पोत्यात भरायची. ज्या दिवशी निळा रंग असेल त्या दिवशी थुंकी निळी. तोंडाला बांधायला घरचं फडकं. हिरामण त्याच दिवशी लागला, पण त्याला दिलं पॅकिंग. त्याच्या बापाची भातजमीन कारखान्यात गेलेली, म्हणून त्याला बरं काम. खिडकीपाशी बसायचं आणि डब्यांना लेबलं चिकटवायची. जेवणाच्या सुट्टीत मी एका बाजूला बसलो होतो. आमच्या डब्याकडे बघायची लोकांची तेव्हा एक नजर असायची, ती मी इथे सांगत बसत नाही. हा आगऱ्यांचा काळा, उंच पोरगा आला, माझ्यासमोर मांडी घातली, स्वतःच्या डब्याचं झाकण उलटं करून माझ्यापुढे ठेवलं आणि त्यात अर्धी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचा तुकडा टाकला. "तुझ्यातलं काय हाय? दे इकडं," म्हणाला. ओळख नाही, पाळख नाही. माझी चटणी खाऊन डोळ्यात पाणी आलं त्याच्या, तरी बोटं चाटली.

जेवण झाल्यावर मी फडकं बांधायला घेतलं तर त्याने ते माझ्या हातातून ओढून घेतलं. "तू जा रं, खिडकीत बस. मी जातो आत." मी म्हटलं, "का? मला कोणाचे उपकार नकोत." तो म्हणाला, "कसले उपकार? मना लेबलं लावून झोप येते. सुपरवायझर बघंल तर नोकरी जाईल." मला ते खरं वाटलं. झोपाळू दिसतच होता तो. त्या दिवसापासून कारखाना बंद पडेपर्यंत आमचं तसंच चाललं. अर्धी पाळी मी पावडरीत, अर्धी तो. सुपरवायझर बदलले, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मी कधी त्याला थांब म्हटलं नाही. त्याला झोप येते तर मी काय करणार?

दोन वर्षांपूर्वी आम्हा दोघांना सहा महिन्यांच्या अंतराने सारखाच आजार निघाला. फुप्फुसं जाड होत जातात, कडक होतात, जुन्या चपलेच्या कातड्यासारखी. हवा आत जाते पण लागत नाही. एकाच धुळीचा आजार, दोघांत वाटलेला. ठाण्यातल्या एका इस्पितळात या आजाराच्या नव्या गोळीची ट्रायल चालू होती, त्यात आम्हाला घेतलं. एक तरुण डॉक्टरीण बाई होती. तिने कॅमेरा लावून आम्हाला एकेक कागद मराठीत वाचून दाखवला. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी, आत औषध नाही. कोणाला कुठली ते पेशंटला माहीत नाही आणि तिलाही माहीत नाही. सगळं कंप्युटर ठरवणार. शेवटी तिने शाईचं पॅड पुढे केलं. मी ते बाजूला सारलं आणि सही केली. सहीला वेळ लागला, पण कॅमेऱ्याला थांबावं लागलं. हिरामण मागून म्हणाला, "बाई, याची सही होईस्तोवर माझी एक बाटली संपंल."

पहिल्या महिन्यातच मला फरक वाटला. ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना मी मध्ये दोनदा थांबून चढायचो, तो एकदाच थांबून चढलो. भूक लागायला लागली. हिरामण मात्र उतरलेला. डोळे आत गेलेले. माझ्या डोक्यात गणित पक्कं बसलं : माझ्या बाटलीत खरी गोळी, त्याच्या बाटलीत नुसती. दर महिन्याला इस्पितळातून नव्या बाटल्या घेतल्या की तो माझ्याकडे जेवायला यायचा, डबा घेऊन. दुसऱ्या महिन्याच्या बाटल्या मिळाल्या त्या दुपारी मी त्याला म्हटलं, "हिरामण, दोन्ही बाटल्या डब्यात ओत. मिसळू आणि अर्ध्या अर्ध्या करू."

"बाई नको बोलली हाय ना? आपापलीच खायाची."

"बाईला काय कळतं? तिलाच माहीत नाही कोणाची खरी. मला माहीत आहे. माझी खरी आहे."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला... मला वाटलं, त्याला घ्यायला संकोच वाटतोय. मी आवाज चढवला. "जन्मभर माझी अर्धी धूळ तू खाल्लीस, आता माझं अर्धं औषध घेताना तुला काय होतंय? का मी देतोय म्हणून नको?" ते शेवटचं मी बोलायला नको होतं. पण बोललो. मग तो हसला. "बरं बाबा. तुझी खरी हाय ना, मग मना चालंल." त्याने डबा धुतला, पुसला. दोन्ही बाटल्या आत ओतल्या, झाकण लावलं आणि हौजीचे आकडे हलवतात तसा डबा हलवला. मग झाकण उलटं करून एक इकडे, एक तिकडे असे दोन ढीग केले आणि भरल्या परत. पुढे दर महिन्याला हेच. उरलेल्या गोळ्या इस्पितळात मोजून परत द्यायच्या असायच्या. त्या बरोबर भरायच्या, कोणाला संशय आला नाही. मला मनातून केवढं समाधान. आयुष्यात पहिल्यांदा हिरामणला मी काहीतरी देत होतो.

त्याच सुमाराला माझं पोट बिघडायला लागलं. दिवसातून चार चार वेळा. मी वहिनींच्या, म्हणजे हिरामणच्या बायकोच्या, कोलंबीच्या कालवणाला दोष दिला. बाई दर महिन्याला विचारायची, काही त्रास? मी नाही म्हणायचो. पोरीच्या वयाच्या बाईला पोटाचं काय सांगायचं?

वर्ष संपलं, बाटल्या बंद झाल्या. निकाल लागला की कळवू म्हणाले. या पावसाळ्यानंतर हिरामणला ऑक्सिजन लागला, मग घरातल्या घरात चालणं बंद. शेवटचा भेटलो तेव्हा नळ्या नाकात, तरी मला म्हणतो, "तुझा जिना कसा हाय?" मी म्हटलं, दोनदा थांबतो. "चल भिवा, बरा हायस," म्हणाला. त्यानंतर चौथ्या दिवशी सुनेचा फोन.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी पेपरात आतल्या पानावर बातमी आली. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवली : फुप्फुसं कडक होण्याच्या आजारावरचं नवं औषध उपयोगी असल्याचं संशोधनात दिसलं. दोन दिवसांनी इस्पितळातून बोलावणं आलं, मी गेलो. बाईने फाइल उघडून सांगितलं, औषधाने आजार बरा होत नाही, पण कडक होण्याचा वेग कमी होतो. "आणि काका, तुमच्याकडे नुसती गोळी होती. हिरामणकाकांकडे खरी होती."

मी म्हटलं, "उलटं वाचताय तुम्ही. परत बघा." तिने परत बघितलं. तेच.

"मग मी जिना कसा चढलो?"

"होतं असं काका. औषध घेतोय या भरवशावर माणसाला बरं वाटतं. म्हणून तर दोन प्रकारच्या गोळ्या ठेवाव्या लागतात."

मी एवढा मोठा माणूस, पिठाच्या गोळीवर जिना चढलो... आणि त्या जिन्याच्या जोरावर हिरामणच्या बाटलीतलं अर्धं औषध काढून घेतलं. देतोय म्हणून घेतलं. मी तिथल्या तिथे बाईला सगळं सांगितलं. डबा, हलवणं, दोन ढीग, सगळं. तिने पेन खाली ठेवलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुठं तुम्ही?"

"दर महिन्याला विचारत होते."

"गोळ्या घेतल्या का विचारत होतात. घेतल्या."

ती म्हणाली की हे तिला वर कळवावं लागेल, आमच्या दोघांच्या नोंदी आता वेगळ्या काढतील. म्हणजे आमचं ते अख्खं वर्ष कोणाच्या उपयोगाचं नाही. मी विचारलं, पूर्ण गोळी मिळाली असती तर तो आज असता का? ती म्हणाली, "ते कोणालाच सांगता येणार नाही, काका. अर्ध्या औषधाने काय होतं याचा अभ्यास कोणी केलेला नाही."

"आम्ही केला ना," मी म्हटलं. "दोघांवर केला. एक उरलाय."

तिच्या डोळ्यात पाणी आलं. तिने सांगितलं की ज्यांना नुसती गोळी गेली त्यांना आता खरं औषध मिळणार आहे, मी पुढच्या आठवड्यात घेऊन जावं. मी नको म्हणून उठलो. चूक कबूल करणारा कागद लिहून दिला, त्यावर सगळं माझं डोकं असं सांगितलं, हिरामणचा दोष नाही, आणि सही केली. या वेळीही वेळ लागला.

तिथून सरळ डोंबिवलीला गेलो. वहिनींना सांगितल्याशिवाय घरी तोंड धुवायचं नाही असं ठरवलं होतं. त्या ओट्यावर सुकट निवडत होत्या. मी उभ्यानेच बोलून टाकलं की वहिनी, खरी गोळी त्याची होती, मी अर्धी खाल्ली. मला वाटलं, सूप फेकून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"बसा भावजी," त्या म्हणाल्या. "धाप लागलीय. बसा आधी." सुकटीतला कचरा वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना ठाव व्हतं."

"काय ठाव होतं?"

"पयल्याच महिन्यात त्यांना जुलाब लागलं. पार गळून गेलं. बाईंनी सांगितलं की औषधाचा तरास असतो कोना कोनाला. ते घरी येऊन बोलले, माझी खरी हाय गो. भिवाला काय तरास नाय, म्हंजे त्याची खोटी. मंग तुमी मिसळायचं काढलंत."

मी ओट्याला धरून बसलो. "मग बोलला का नाही? वहिनी, तो बोलला का नाही?"

"मी पन भांडले. बोलले, तुमचा जीव हाय का खेळ? तर मना बोलतात, भिवाला कधी काय दिलं की त्याला राग येतो. आता तो देतोय असं त्याला वाटतंय, तर वाटू दे. आनि जुलाब पन अर्धे झाले, बोलले, बरंच झालं मना." वहिनींनी पदराने नाक पुसलं. "माझ्या कोलंबीला नावं ठेवलीत ना तुमी, तवा हसत व्हते घरी येऊन."

मला त्या वेळी पॅकिंगची खिडकी आठवली. तीस वर्षांत त्या खिडकीत हिरामणला पेंगताना मी एकदाही बघितलं नव्हतं. जागा असायचा तो, सगळ्या पाळ्यांना जागा. कारखान्यातल्या दुसऱ्या कोणाला नसेल ठाऊक, मला ठाऊक होतं, आणि मी ते कधी मनात पुरं येऊ दिलं नाही. झोप येते म्हणाला, मी खिडकीत जाऊन बसलो. माझी खरी आहे म्हणालो, तो हसला.

मी म्हटलं, "ते औषध आता मला देतायत. मी नको सांगून आलोय."

वहिनींचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "घ्यायचं. मुकाट्यानं घ्यायचं. नायतर त्यांनी कशाला दिलं मंग?" त्या आत गेल्या आणि डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. "न्या. घरात दिसला की मना राग येतो."

पुढच्या आठवड्यात मी जाऊन बाटली आणली. कोणाला ट्रायलमध्ये घेतलं तर त्याने आपली गोळी आपणच खावी, एवढं माझं सांगणं आहे, ते ऐका. मी ऐकलं नव्हतं. पोट बिघडतं, या वेळी बाईला सांगितलं. जिना तीनदा थांबून चढतो.

बाटली आणली त्या दुपारी खोलीत आलो, डबा घेतला, पुसला आणि सगळ्या गोळ्या त्यात ओतल्या. हाताला सवय झालेली. झाकण उलटं ठेवलं. एक इकडे, एक तिकडे... मोजून झालं तेव्हा समोर दोन सारखे ढीग होते, सगळ्याच्या सगळ्या खऱ्या. माझा ढीग मी पटकन बाटलीत भरला. झाकणातला हिरामणचा भरायला घेतला तर हात चालेना. ताटातला भात निवून गेला तरी मी तिथेच बसलेलो.