एका तालमीचे दोन हीरो

"मास्तर, मला खाली उतरवा."

गोविंद क्रेनला लटकलेला होता. अंगात निळा सूट, पाठीला केप, कमरेला हार्नेस. हार्नेस म्हणजे जाड पट्ट्यांचा लंगोटच समजा. त्याला बारीक पोलादी केबल जोडलेली असते, ती क्रेनवरच्या पुलीतून खाली येते आणि माझी टीम ती ओढते. पडद्यावर हीरो उडतो, खाली आम्ही घाम गाळतो. नंतर कॉम्प्युटरवर केबल पुसून टाकतात.

"काय झालं? पट्टा काचतोय का?" मी खालून ओरडलो.

"पट्टा न्हाई काचत. म्या हे करत न्हाई. उतरवा."

समोर तपकिरी सूटमधला सिद्धार्थ मातीत एक गुडघा टेकून बसला होता. त्याचा पवित्रा मीच बसवलेला. त्यानं मुठीतली माती खाली सोडली, उठला आणि म्हणाला, "माह्यानंबी न्हाई व्हायचं, मास्तर."

मी फाइट मास्टर आहे. सिनेमातली मारामारी बसवणं हा माझा धंदा. आजवर कित्येक हीरो मला 'नाही' म्हणालेत. कुणाला उंचीची भीती वाटते, कुणाला मेकअपची काळजी. पण दोन हीरोंनी, तेही क्लायमॅक्सला, कॅमेरा लागलेला असताना, एकदम हत्यार टाकलं, असं पहिल्यांदाच झालं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सुपरहीरो आहात ना तुम्ही? मग असे पाहुण्यासारखे रुसून काय बसता?"

कुणी हसलं नाही.

आम्ही शिरूर अनंतपाळजवळच्या एका मैदानावर शूटिंग करत होतो. दिग्दर्शिका श्रद्धा मॅडम नांदेडच्या, त्यांचा हा पहिलाच सिनेमा. गोष्ट साधी होती. एका गुरूच्या दोन शिष्यांना अचाट शक्ती मिळते. एक उडतो, दुसऱ्याला मातीतून बळ मिळतं. पुढे गुरूच बिघडतो आणि तलावाचा दरवाजा आपल्या ताब्यात घेऊन पाणी अडवतो. उडणाऱ्यानं गुरूला दरवाजा राखायचा शब्द दिलेला असतो, मातीवाल्यानं गावाला पाणी सोडायचा. दोघंही सच्चे, दोघांत वैर नाही, पण दरवाजापाशी एक दुसऱ्याच्या आड येतो. क्लायमॅक्सला दोघांची तुंबळ लढाई होते, मातीवाला उडणाऱ्याला चित करतो आणि दरवाजा उघडतो. स्क्रिप्टमध्ये हे दोन ओळींत होतं. असल्या दोन ओळींनीच माझे गुडघे गेलेत.

डुप्लिकेट परवडत नव्हते, म्हणून मीच मॅडमना म्हटलं, खरे पैलवान घ्या. गोविंद भोकरकडचा, घरची शेती असलेल्या मराठा कुटुंबातला. सिद्धार्थ शिरूरचा, बौद्ध घरातला. वडील पंचायत समितीत नोकरीला. दोघं लातूरच्या एकाच तालमीत वाढलेले, एकाच खोलीत राहणारे, एका ताटात जेवणारे. आणि तालीम कुठली? तर माझीच. मुंबईला स्टंट करायला जायच्या आधी मीही त्याच वस्तादांच्या हाताखाली माती अंगाला लावलेली. पोरं मी सुचवली, ती वस्तादांनी माझ्या शब्दावर सोडली.

मग आत्ताच काय बिनसलं? रिहर्सल तर झकास झाली होती. लातूरच्या एका मंगल कार्यालयात मॅट टाकून आम्ही सगळी फाइट बसवली होती. सिद्धार्थ गोविंदला आपटायचा, गोविंद हसत उठायचा आणि चहा मागायचा.

घोळ केला हलगीनं. सीनमध्ये गाव जमलेलं हवं, म्हणून मॅडमनी शिरूर-देवणीकडून माणसं बोलावली. भोकरहून गोविंदचे भाऊबंद जीप भरून आले. माहोल जमावा म्हणून प्रॉडक्शनच्या एका हुशार माणसानं खरे हलगीवाले आणले, लाल माती पसरली, लोकांना गोल बसवलं आणि माइक हातात घेऊन पुकारलं, "भोकरचा गोविंद विरुद्ध शिरूरचा सिद्धाऽऽर्थ!" हलगी कडाडली. लोकांनी पटके उडवले. आमच्या भागात लाल माती, गोल बसलेलं पब्लिक आणि हलगी एकत्र आली की त्याला शूटिंग म्हणत नाहीत. त्याला कुस्त्यांचा फड म्हणतात.

आणि फडाचा एक कायदा आहे. एका वस्तादाचे दोन पठ्ठे फडात एकमेकांशी लढत नाहीत. तालमीत रोज लढतील, कान सुजेपर्यंत लढतील. पण लोकांपुढे नाही.

मी गोविंदला उतरवलं. मॅडम छत्रीखालून धावत आल्या.

"मास्तर, प्रॉब्लेम काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. हलगी बंद. पब्लिक बाहेर. चौघांतच करू."

"मॅडम," गोविंद म्हणाला, "पब्लिक हाकललं तरी पिक्चर तर पब्लिकच बगनार की."

मॅडम वैतागल्या.

"अरे, पण खोटी मारामारी आहे ती!"

"त्येच तर," सिद्धार्थ म्हणाला. "खोटी म्हंजे नूरा. वस्ताद नूराला लई वंगाळ मानतेत."

नूरा म्हणजे आधीच निकाल ठरवून केलेली कुस्ती. पैलवानाला यापेक्षा मोठी शिवी नाही. आता झाली का पंचाईत? खरी लढाई केली तर तालमीचा कायदा मोडतो, खोटी केली तर नूरा होते. आणि मी ज्या धंद्यात आहे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत नूराच.

सिद्धार्थ मात्र तिथंच थांबला नाही. "मास्तर, तुमी मुंबईला होता तवाची गोष्ट. एक फडवाला वस्तादांकडं आल्ता. म्हनला, ह्या दोघांची जोड लावा, मैदान फुटंल. का फुटंल, ते तुमाला बी ठावं हाय. ह्यो मराठ्याचा, म्या बौद्धाचा. कुनी बी पडलं तरी दोन वस्त्या एकमेकाच्या उरावर. वस्तादांनी त्याला हाकलून दिलं. आज त्येच माइकवर पुकारून राहिले की."

मी भोकरच्या जीपकडे पाहिलं, शिरूरच्या घोळक्याकडे पाहिलं. दोन्हीकडची माणसं हसत-खिदळत होती. पण बसली होती मात्र वेगवेगळी. मला आपली लाज वाटली नाही, राग आला. एवढी साधी गोष्ट या दोन पोरांना दिसली आणि सेटवरच्या आम्हा सगळ्या शहाण्यांना दिसली नाही.

पण राग गिळावा लागला, कारण मॅडमचा चेहरा उतरला होता. क्रेन संध्याकाळी परत जाणार होती. क्लायमॅक्स नाही म्हणजे सिनेमा नाही. आणि ही पोरं माझ्यासाठी उभी राहिली असती तर तालमीचं दार त्यांना कायमचं बंद. मॅडमचं मीठ खाल्लेलं, वस्तादांची माती लागलेली. घर का ना घाट का, अशी माझी गत.

मी बाजूला जाऊन वस्तादांना फोन लावला.

"वस्ताद, रशीद बोलतोय."

"बोल रशीद्या. पोरं पडली का कुटं?"

"पडली नाहीत. पाडायचंय, म्हणून अडलीत." मी सगळं सांगितलं.

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बराबर हाय पोरांचं. फडात न्हाई. नूरा तर बिलकुल न्हाई."

"मग मी काय करू? पिक्चर बंद पाडू?"

"पिक्चर तुहा. मला काय इचारतो?"

मी चिडून म्हणालो, "बरं, एक सांगा. तालमीत या दोघांचं खरोखर भांडण झालं तर तुम्ही काय करता?"

"करतो काय? एकाच्या खांद्यावर दुसऱ्याला बसवतो आन् बैठका मारायला लावतो. मग अदलाबदल. धा मिंटात भांडन कशापायी झालं, तेच इसरून जातेत."

मी फोन कानाला धरूनच तलावाच्या दरवाजाकडे पाहिलं. आर्टवाल्यांनी तो रुळांवर वर-खाली सरकणारा बनवला होता. खालून एकानं उचलायचा आणि वर दुसऱ्यानं उभं राहून दाबायचा! मारायचं नाही, पाडायचं नाही. खालचाही खरा जोर लावणार, वरचाही.

"वस्ताद, खांद्यावर दरवाजा आणि दरवाजावर गोविंद. चालेल?"

"त्याला कुस्ती कोन म्हनंल? त्यो तर जोर झाला. करा की," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी धावत मॅडमकडे आलो. ऐकून त्यांचे डोळे चमकले, पण लगेच कपाळाला आठी पडली. "मग जिंकणार कोण? एकानं तर हरायला पाहिजे."

मी डोकं खाजवलं. मग त्याच हळूच म्हणाल्या, "नाही. हरायला नको. वरचा दाबत राहील, दाबत राहील, आणि एका क्षणाला स्वतःच दरवाजा धरून वर ओढेल. शब्द गुरूला दिलेला, तो त्याचा त्यानं मोडायचा. दुसऱ्यानं आपटून मोडून घ्यायचा नाही."

मॅडम बोलल्या आणि सगळा सिनेमा एका जागी आला. मी त्यांना कडक सलाम ठोकला.

मग कामाला लागलो. दरवाजा प्लायवूडचा होता, सिद्धार्थनं तो एका बोटानं उचलला असता. गावातल्या वेल्डरला बोलावून आत लोखंडी अँगल बसवले. दरवाजा सटकला तरी सिद्धार्थच्या अंगावर येऊ नये म्हणून दोन्ही रुळांत सागवानी ठोकळे ठोकले आणि मी स्वतः त्याखाली बसून पाहिलं. गोविंदला केबल लावली, पण ढिली ठेवली, म्हणजे त्याचा सगळा भार दरवाजावर यावा. हीरो उडू नये म्हणून केबल ढिली सोडायची, हे काम मी पहिल्यांदाच करत होतो. दरवाजाच्या मागे मॅडमनी भरलेला टँकर उभा केला. पाणी एकदाच सुटणार, म्हणजे टेकही एकच.

"गोविंद," मॅडम म्हणाल्या, "किती वेळ दाबायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही."

"तू मान वर केलीस की आम्ही केबल ओढणार," मी म्हटलं. "तोवर खरा भार टाक. पापड लाटल्यासारखं नको."

हलगीवाल्यांना मी हात जोडून गप्प बसवलं. ऊन उतरत होतं. मॅडमनी ॲक्शन म्हटलं.

सिद्धार्थ बसला, दरवाजा खांद्यावर घेतला आणि उठायला लागला. वर उभ्या गोविंदनं वाकून, दोन्ही हात टेकून भार टाकला. दरवाजा वीतभर वर गेला आणि अडकला. सिद्धार्थच्या मांड्या थरथरायला लागल्या, मानेच्या शिरा तटतटल्या. यातलं काहीही मी बसवलेलं नव्हतं. गोविंद दाबत होता आणि रडत होता. मला वाटलं, आता ओरडावं, थांबवावं. पण सिद्धार्थ मला नजरेनं 'नको' म्हणाला.

आणि खालून, स्क्रिप्टमध्ये नसलेलं, तो पुटपुटला, "दादा, जड झालं रे."

गोविंदनं मान वर केली.

"ओढा!" मी बोंब ठोकली. आम्ही जीव खाऊन केबल ओढली. गोविंद हवेत गेला आणि जाता जाता दोन्ही हातांनी दरवाजाची कड धरून वर ओढत राहिला. खालून सिद्धार्थ ताठ उभा राहिला. दरवाजा धडाधड रुळांवरून चढला आणि टँकरचं पाणी सुटलं. लोकांना आम्ही टाळ्या वाजवा म्हणून सांगितलं होतं. ते टाळ्या विसरले आणि धावतच सुटले. पाण्यात घुसले, लाल चिखलात घसरले, भोकरच्यांनी सिद्धार्थला खांद्यावर घेतलं, शिरूरवाल्यांनी गोविंदला उतरवायच्या आधीच मिठी मारली. हलगीवाल्यांनी मग कुणाचंच ऐकलं नाही. कॅमेरामन कॅमेरा वाचवत, ओरडत, हसत होता. मॅडम चिखलात उभ्या राहून रडत होत्या आणि कट म्हणायचं विसरल्या होत्या. मीही रडलो. घाम म्हणून खपवलं.

सिनेमात ते सगळं तसंच ठेवलंय. घसरलेली माणसंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघंही तालमीत हजर होते. "लंगोट लावा," वस्ताद एवढंच म्हणाले.

सिनेमा नांदेडला लागला तेव्हा आम्ही सगळे, वस्तादांसकट, पहिल्या खेळाला गेलो. दरवाजा उघडला आणि थिएटरमध्ये जे झालं ते मी मुंबईतल्या मोठमोठ्या हीरोंच्या सिनेमांनाही पाहिलेलं नाही. शिट्ट्या, पटके, नाच. बाहेर आल्यावर मात्र वाद पेटला. भोकरचे म्हणत, आमच्या गोविंदनं वर ओढला. शिरूरचे म्हणत, आमच्या सिद्धार्थनं उचलला. शेवटी गोविंदचे चुलते वस्तादांपुढे येऊन उभे राहिले.

"वस्ताद, तुमीच सांगा आता. जिंकलं कोन?"

वस्ताद पटका सावरत म्हणाले, "दरवाजा उघडला ना? मग गप घरी जावा."

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय. फाइट बसवायला घेतली की मॅट मागवायच्या आधी दोन्ही हीरोंना समोर बसवतो आणि विचारतो, तुम्ही एकमेकांना का मारणार नाही, ते आधी सांगा. मुंबईचे हीरो हसतात. हसू देत. मॅट काय, नंतरही मागवता येतात.