आजच्या मापाची पिशवी

इंदूमावशींनी गिऱ्हाइकाला "काय दाखवू?" असं कधी विचारलं नाही. तान्ह्या बाळासाठी काही घ्यायला कुणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बाळ कुठं झोपतं?" समोरची बाई गोंधळायची. घरातच झोपतं, म्हणायची. "घरातच, पण कुठं? पाळण्यात का तुमच्या कुशीत? खोली स्लॅबची का पत्र्याची? पंखा लावता का?" एवढी उलटतपासणी झाली की मग मावशी मागच्या फळीवरून एक पिशवी काढायच्या आणि काउंटरवर नीट पसरायच्या.

पिशवी म्हणजे स्लीप सॅक. बाळाच्या अंगात घालायचं पांघरूण. बाह्या नाहीत, खालून बंद, पुढून चेन. हात बाहेर राहतात, पाय आत मोकळे राहतात, आणि बाळानं कितीही लाथा झाडल्या तरी ते निघून तोंडावर येत नाही. नाशिक रोडला माझं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. मी पहिल्यांदा हा माल ठेवला तेव्हा लोक हसायचे. एकलहऱ्याहून आलेल्या एका आजोबांनी विचारलं होतं, "लेकराला पोत्यात घालायचं का आता?" मावशींनी पिशवीतून स्वतःचे दोन्ही हात बाहेर काढून दाखवले. "पोत्याला हातासाठी भोकं असत्यात का, आजोबा?" आजोबांनी दोन पिशव्या नेल्या.

खरं तर मला काउंटरवर एखादी तरुण मुलगी हवी होती. दारावर तशी पाटीही लावली होती. ती वाचून साठीच्या घरातली ही बाई आत आली. काटकुळी, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेला, पायात रबरी चपला. मी नाही म्हणायच्या बेतात असताना तिनं काउंटरवरची पिशवी उचलली, गळ्यात हात घातला आणि म्हणाली, "ताई, हा गळा लय मोठा हाय. लेकराचं डोकं आत घसरंल." पाकिटावर सहा महिने लिहिलं होतं. मी माझ्या भाचीची बाहुली आणून घालून बघितली. बाहुली खांद्यांसकट आत घसरली. तो सगळा लॉट मी परत पाठवला आणि इंदूमावशींना ठेवून घेतलं.

त्यांची शिकवण सोपी होती, पण आपल्याकडच्या खरेदीच्या सवयीच्या अगदी उलटी. आपण पोरांचं सगळं वाढत्या अंगाचं घेतो. मावशींना ते खपत नसे. "वाढत्या अंगाचं घ्यायचं ते झबलं न् फ्रॉक. पिशवी आजच्या मापाचीच. उद्याचं उद्या बघू." मागे टोपी जोडलेली सुंदर, कान असलेली पिशवी कुणाला आवडली की त्या ती काढून घ्यायच्या. "झोपंत टोपी कशाला? लेकरू काय मोटारसायकलवर बसलंय?" बाळाचे हात गार लागतात म्हणून कुणी जाड कापूस भरलेली मागितली की म्हणायच्या, "हात गारच असत्यात त्यांचे. मानंमागं हात घालून बघा. घाम लागला तर एक कापड कमी करा." बाळ कुशीवर वळायला लागलं का, हे विचारल्याशिवाय त्या हात बांधून ठेवणारं दुपटं विकत नसत. चालायला लागलेल्या पोराला पावलं बाहेर राहणारीच पिशवी द्यायच्या, नाहीतर ते उठून धावतं आणि तोंडावर आपटतं.

मला खटकायचं ते वेगळंच. सासूसुना जोडीनं आल्या की मावशी सासूकडे बघतसुद्धा नसत. पिशवी सुनेच्या हातात द्यायच्या आणि तिला एकटीलाच सांगायच्या, "घरात पांघरूण कोण घालतं? तुम्हीच घाला. दुसऱ्या कुणाला घालू देऊ नका. कुणाला म्हणजे कुणालाच." सासवा रागवायच्या. एकदा एक बाई म्हणाली, "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का? वरून एक गोधडी टाकली की संपलं." मावशींनी तिच्या हातातून पिशवी काढून घेतली, घडी केली आणि फळीवर ठेवून दिली. "तुम्हाला नाय विकायची," एवढंच म्हणाल्या. मी त्या बाईची माफी मागून तिला दारापर्यंत सोडून आले. मला वाटायचं, हिला हिच्या सासूनं फार छळलं असणार.

मग ती दुपार आली. मावशी जेवायला मागे गेल्या होत्या. देवळालीकडून आलेल्या एका बाईला दोन महिन्यांच्या बाळासाठी वर्षाच्या मुलाची पिशवी हवी होती. कारण नेहमीचंच, वर्षभर पुरेल. मी एकदा सांगून पाहिलं, तिनं ऐकलं नाही, मी दिली. मावशी हात पुसत बाहेर आल्या, फळीवरची रिकामी जागा बघितली आणि मला विचारलं. मी सांगताच त्या अनवाणी रस्त्यावर धावल्या. रिक्षात बसलेल्या बाईच्या मांडीवरून त्यांनी पिशवी ओढून घेतली. बाई चोर चोर ओरडायला लागली. चार माणसं जमली. मी जाऊन सगळ्यांची समजूत काढली, लहान मापाची पिशवी त्या बाईला अशीच देऊन टाकली आणि मावशींना दुकानात आणून शटर अर्धं खाली ओढलं.

"मावशी, तुमचं डोकं फिरलंय का? तुमचं काय जातंय?"

त्या स्टुलावर बसल्या. धाप लागली होती. "माझा नातू गेला, ताई," त्या म्हणाल्या. "मी मारला."

त्यांचा एकुलता एक मुलगा सुनील. त्याची पहिली बायको कविता, देवळ्याची. त्यांचं पहिलं बाळ चार महिन्यांचं होतं. संक्रांतीनंतरचे दिवस, थंडी मरणाची. कविता दुपारी बाळाला पाजून त्याच्या शेजारीच झोपली होती. चार महिने नीट झोप नसलेली पोर, तिला गाढ झोप लागली. मावशी शेजारच्या गल्लीत हळदीकुंकवाला निघाल्या होत्या. जाता जाता खोलीत डोकावल्या तर बाळाचे पाय उघडे. त्यांनी ट्रंक उघडून सगळ्यात जड गोधडी काढली, बाळावर घातली, कानापर्यंत ओढून चारी बाजूंनी दाबली आणि वाण घेऊन गेल्या.

"परत आले तर दारात बायका. कविता ओरडत होती. डॉक्टर म्हणला, नक्की सांगता येत नाय, पण एवढं जड पांघरूण तोंडावर नको होतं. सुनील तिला म्हणला, तुला अक्कल नाय का? ती म्हणली, मी नाय घातली गोधडी. सगळे तिच्याकडंच बघत होते, ताई. माझ्याकडं कुणीच बघंना. मी हळदीकुंकवाला गेले होते ना."

"आणि तुम्ही?"

"मी नाय बोलले. त्या दिवशी नाय बोलले. मग दहाव्याला बोलू म्हणलं. मग बायका म्हणायला लागल्या, कसली आई, शेजारी झोपून कळलं नाय हिला. दोन महिन्यांनी तिला माहेरी धाडली. काडीमोड झाला. सुनीलचं दुसरं लग्न मीच जमवलं."

अकरा वर्षं झाली होती या गोष्टीला. त्यांना पाणी द्यायला हवं होतं, ते मला कळत होतं. मी दिलं नाही. मी काउंटरच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. गिऱ्हाइकानं विस्कटलेला माल आवरावा तशी मी उगाच झबल्यांच्या घड्या करत राहिले. शेवटी म्हणाले, "हे तुम्ही मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा."

त्यांनी आधी मुलाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. सुनीलनं सगळं ऐकून घेतलं होतं आणि दार लावून म्हणाला होता, "झालं ते झालं. हिच्यासमोर हे काढू नकोस. माझी पोरगी मोठी होतेय. मला परत तमाशा नको." हिच्यासमोर म्हणजे दुसऱ्या बायकोसमोर. पहिलीचं त्यानं नावही घेतलं नाही.

"तुम्ही येता का माझ्यासंगं देवळ्याला?" मावशींनी मला विचारलं. मला जायचं नव्हतं. पण 'जिला सांगायचं तिला सांगा' हे मीच बोलून बसले होते.

श्रावण चालू होता. देवळ्याच्या पुढं मळ्यातलं घर, बाजूला लांबलचक कांदाचाळ. दारात कविताची वहिनी उभी राहिली. मावशींना तिनं ओळखलं असावं. "काय काम शे?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चाळीकडे बोट दाखवलं. चाळीत पाचसहा बाया सडका कांदा बाजूला काढत बसल्या होत्या. त्यातली एक उठली. पस्तिशीची असेल, केस मात्र कानाजवळ पांढरे झालेले. हाताला कांद्याची माती तशीच ठेवून ती आमच्यासमोर आली. तिनं बसा म्हटलं नाही.

मावशी तिच्या पाया पडायला वाकल्या. ती दोन पावलं मागे सरकली. "पाया नका पडू. बोला."

मावशी बोलल्या. सगळं, जसं मला सांगितलं होतं तसंच. कविता ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "ती गोधडी ट्रंकेतली होती. ट्रंकेची किल्ली तुमच्या कमरेला असायची. मी त्याच दिवशी ओळखलं."

"मग तू बोलली का नाय गं?"

"बोलले ना. मी नाही घातली, असं किती वेळा बोलले? तुमचं नाव घेतलं असतं तर कुणी ऐकलं असतं? म्हणाले असते, स्वतःचं पाप सासूवर ढकलते. मला वाटलं, तुम्ही बोलाल. वर्षभर वाट बघितली. फोन वाजला की वाटायचं, तुमचाच. मग सोडून दिलं."

मावशी रडायला लागल्या. कविता रडली नाही. "आता तुम्ही मोकळ्या झालात," ती म्हणाली. "मी काय करू याचं? इथं सांगून उपयोग नाही, माझ्या भावांचा माझ्यावर विश्वास होताच. तिकडं सांगा. ज्या बायका दारात उभ्या होत्या त्यांना सांगा. एकेकीच्या घरी जाऊन सांगा." आणि ती परत जाऊन कांद्यांसमोर बसली. आम्हाला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

इंदूमावशी खरंच सांगायला गेल्या. एकेकीच्या घरी गेल्या. मी सोबत नव्हते, पण दुकानात येऊन सांगायच्या. पहिली बाई म्हणाली, "जाऊ द्या हो, कशाला उकरून काढता?" दुसरीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेतलंय." तिसरीनं त्यांना बसवून ठेवलं आणि आतल्या खोलीतून सुनीलला फोन केला. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारीत ज्यांनी खोटं मान्य केलं होतं, त्यांच्यातल्या एकीलाही आता खरं मान्य होईना.

सुनील दुकानात आला. सभ्य माणूस, हळू बोलणारा. "ताई, आईला हल्ली भास होतात," तो म्हणाला. "डॉक्टरांना दाखवलंय. वयानं होतं असं. उद्यापासून ती येणार नाही." मी म्हणाले, त्यांना भास होत नाहीत, मला माहीत आहे. तो हसला. "तुम्हाला तिचा लळा आहे, मला कळतं."

त्यांना गोळ्या सुरू झाल्या. मी दोनदा भेटायला गेले. पहिल्यांदा त्यांनी ओळखलं, माझा हात धरला आणि दुकानातल्या मालाबद्दल विचारलं, नवीन पिशव्यांचे गळे कसे आहेत ते. दुसऱ्यांदा त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या आणि सूनबाई म्हणाली, उठवू नका, आताच गोळी दिलीय. सात महिन्यांत त्या गेल्या.

तेराव्याला मी गेले. बायकांचा घोळका बसला होता, त्यातल्या बऱ्याच जणी गल्लीतल्याच. भिंतीवर मावशींचा हार घातलेला फोटो. एक जाडशी बाई डोळे पुसत बाजूच्या बाईला सांगत होती, "देवमाणूस हो. सुनेचं पाप शेवटपर्यंत स्वतःच्या डोक्यावर घेत राहिली. आजकाल कोण करतं असं?" सगळ्यांनी माना हलवल्या.

मी म्हणाले, "त्या खरं सांगत होत्या. गोधडी त्यांनीच घातली होती. कविताचा काही दोष नव्हता."

माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरच्या पुरुषांचं बोलणं थांबलं. बायका माझ्याकडे बघत राहिल्या, मग एकमेकींकडे. सुनील आतून आला, त्यानं माझ्या हातात चहाचा कप दिला. "बसा ना ताई," तो म्हणाला. "तुमचाही फार जीव होता तिच्यावर." घोळक्यानं सुस्कारा सोडला. कुणीतरी मला सरकून जागा दिली.

मी कप खिडकीत ठेवून निघून आले. रिक्षात बसल्यावर देवळ्याला कविताला फोन लावला. सासू गेल्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं एवढंच विचारलं,

"त्या गेल्या होत्या का बायकांकडे? सांगायला?"

"गेल्या होत्या. एकेकीकडे."

"कुणी मानलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि तिकडून कुणीतरी हाक मारली तशी तिनं फोन ठेवला.