आत्याबाईंसाठी आणलेला बांगड्यांचा सिनेमा

शिरूरच्या स्टँडवर आष्टीची एसटी लागली, तेव्हा मी पेटी पोटाशी धरून सगळ्यांत शेवटी चढले. खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "बाई, ती पेटी वर टाका की."

मी मान हलवूनच नको म्हटले.

"काय हाय तिच्यात एवढं?"

"बांगड्या."

"मग राहू द्या मांडीवर. फुटल्या तर एसटी भरून देत न्हाई."

गाडीतली माणसं हसली. मी खिडकीबाहेर तोंड केले ते आष्टी येईपर्यंत आत वळवले नाही.

मी कासारीण आहे. पेटी घेऊन गावोगाव फिरते आणि बायकांना बांगड्या भरते. पेटी सवयीने घेतली होती, पण त्या दिवशी विकायला नव्हते निघाले, सिनेमे बघायला निघाले होते. नटनट्यांचे नव्हेत. खऱ्या माणसांवर काढलेले, त्यांना माहितीपट म्हणतात. मला तोंडाने कुणाला सांगायला जमत नाही आणि शाळाही चौथीपर्यंतच झाली, पण काय काय बघितले ते विसरू नये म्हणून लिहून ठेवते.

झाले असे, की मंगलताई म्हणून एक बाई आमच्या गावात आल्या होत्या. त्या पडदा आणि मशीन घेऊन बायकांना असले सिनेमे दाखवतात. त्यांनी सांगितले, गावागावातून एकेका बाईने आष्टीला या, सगळे सिनेमे बघा, आणि सगळ्यांनी मिळून त्यातला एक निवडा. तो आम्ही सगळ्या गावांत फिरवू, ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आत. बाकीचे मग उन्हाळ्यात, माणसं परत आल्यावर. सिनेम्यांची नावे सांगताना त्या म्हणाल्या, एक बांगड्या कशा बनतात त्याचाही आहे.

आमच्या आत्याबाई (सासूबाई) ओट्यावर बसून ऐकत होत्या. मला हा धंदा त्यांनीच शिकवला. आता त्यांचे गुडघे धरले आहेत, म्हणून त्या ओट्यावरच बसून भरतात. बांगडीची दोन टोके जिथे जोडलेली असतात त्याला आम्ही सांधा म्हणतो. हातात चढवताना सांधा हाडावर येऊ द्यायचा नाही, कारण बांगडी तडकते ती तिथेच. आणि ती तडकली की आत्याबाई तोंड सोडतात, "कुण्या आंधळ्या मुडद्यानं जोडलीय!" मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकते.

मंगलताई गेल्यावर त्या म्हणाल्या, "सुमे, आष्टीला तूच जा. अन् तेवढा बांगड्याचा सिनेमा घेऊन ये. कोण जोडतंय ते एकदा बघू दे मला."

"आत्याबाई, तो न्हाई निवडला तर उन्हाळ्यात येईल की."

"उन्हाळ्याचं मला सांगू नको. ह्या वयात उन्हाळा लई लांब असतोय."

मला भीती वाटली. सिनेमा आणायचा म्हणजे चार बायकांत उभे राहून बोलायचे.

एसटीच्या खिडकीबाहेर बाजरीची काढणी चालली होती. कुठे कणसांचे ढीग, कुठे नुसती धाटे. तूर हिरवीगार उभी होती. मधेच माळ लागे, त्यावर तरवडाची पिवळी फुले आणि उघडी पडलेली खडी. बोडक्या टेकड्या पायाशी मात्र हिरव्या होत्या, आणि मेंढरे त्या हिरव्यातच उतरलेली. बघता बघता मनातली भीती थोडी मागे पडली.

आष्टीत एका मंगल कार्यालयात सगळ्यांना बोलावले होते. दारात भरपूर चपला होत्या, आतून बायकांचा गलका येत होता. मी आत पाऊल टाकले, तशी एक जाडजूड बाई ओरडली, "आली गं कासारीण! किती वाट बघायची तुमची?"

माझ्या हातातली पेटी कुणी घेतली, मला पाटावर बसवले, आणि पुढ्यात मेंदी लावलेली एक नवरी आणून बसवली. मला कळले, की इथे चुड्याचा कार्यक्रम आहे आणि सिनेमा वरच्या मजल्यावर असणार. पण नवरीने हात पुढे केलेला. पुढे आलेला हात कासारणीला मागे सारता येत नाही. मी भरायला लागले. नवरीचा झाला, मग तिच्या आईचा, मावशीचा. मी करवलीचा हात धरला होता, एवढ्यात दारात एक कासार पेटी घेऊन उभा राहिला.

तो बघतच राहिला. "मला बोलावलंय न्हवं? मग ह्या कोण?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी कशीबशी म्हणाले, "मी सिनेमाला आले."

ती जाडजूड बाई इतकी हसली, की तिला पदर तोंडात धरावा लागला. "अगं माय! मग बोलायचं कावून (का) न्हाई?"

कासार मात्र भला माणूस. माझे काम बघून म्हणाला, "चुडा चांगला भरलाय बाई. उरलेल्या मी भरतो, तुमी जा."

वर गेले तोवर पहिला सिनेमा संपला होता. तो गावतळ्याचा गाळ काढल्याचा होता. मी तो पाहिला नाही, म्हणून त्याच्याविषयी काही सांगत नाही. युसूफ वडगावच्या शेवंताबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मोठ्या शेतकऱ्याच्या घरातली बाई, आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, बघण्यासारखा आहे.

दुसरा एका धनगर म्हाताऱ्याचा होता. त्यात बोलणे फारच थोडे आहे. म्हातारा चालतो, कुत्री चालतात, पाऊस येतो, तो घोंगडी डोक्यावर घेतो. कुणाला कंटाळा येईल, पण मला नाही आला. घरात फार भांडण झाल्यावर हा सिनेमा बघावा. मन शांत होते.

तिसरा मिठागराचा. समुद्राकाठी बायका पायाने चिखल तुडवतात, मग पाणी आटते आणि खाली पांढरे मीठ उरते. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. पडद्यावर तो आला तशी मागच्या एका म्हातारीने हात जोडले. ज्यांना आपलेच काम जड वाटते त्यांनी हा जरूर बघावा. आणि जेवायच्या आधी बघावा, म्हणजे नंतर ताटातल्या मिठाला हात लावताना जरा थांबायला होते.

मधे जेवण झाले. बाजरीची भाकरी, येसर आमटी (डाळी आणि मसाले भाजून केलेल्या पिठाची आमटी) आणि कांदा. येसर झणझणीत होती. मी भाकरी नुसती कुस्करत बसले होते, ती तिखटामुळे नव्हे. शेवंताबाईंनी ते ओळखले. "भिऊ नका. बोलून बोलून काय बोलायचं? तळ्याचा सिनेमा आणा म्हणायचं, बसायचं."

मला तो आणायचा नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.

शेवटचा बांगड्यांचा होता. मोठी भट्टी, तिच्यात लाल पातळ काच. एक माणूस ती काच सळईवर ओढतो, सळई फिरते आणि काच तिच्यावर दोरीसारखी गुंडाळत जाते. मग तिला उभा काप देतात, की सगळ्या बांगड्या सुट्या होतात, पण उघड्या, तोंड फाकलेल्या. त्या पोत्यात भरून गल्लीगल्लीतल्या घरांत जातात. तिथे बायका बसतात, समोर दिव्याची बारीक ज्योत. बांगडीची दोन टोके त्या ज्योतीवर धरायची, मऊ झाली की चिमट्याने दाबायची. झाला सांधा. मग दुसरी, मग तिसरी. खोलीत उकाडा, कपाळावरून घाम डोळ्यांत. वर छताला पंखा आहे पण बंद. चालवला तर ज्योत हलते आणि सांधा कच्चा राहतो. त्यातली एक बाई मान वर न करता सांगते, मी जोडते तेवढे मला ठाऊक, पुढे माझी बांगडी कुठे जाते ते मला ठाऊक नाही.

माझ्या मांडीवर पेटी होती. मी ती दोन्ही हातांनी धरून बसले.

मग बोलायची वेळ आली. सात-आठ जणी बोलल्या. बऱ्याच जणींना तळ्याचा सिनेमा हवा होता, आणि त्यांचेही खरेच होते. माझे नाव घेतल्यावर मी उभी राहिले. माइक हातात दिला. मी माइक परत दिला आणि खाली बसले.

शेवंताबाई म्हणाल्या, "अहो, तुमी गावोगाव बांगड्या भरता. तवा बोलता का मुकाट्यानं भरता?"

"तवा बोलते. तवा हात असतो हातात. तोंडाकडं बघावं लागत न्हाई."

हे मी हळूच म्हटले होते, पण मंगलताईंनी ऐकले. त्या माझ्यासमोर येऊन खाली बसल्या. त्यांच्या हातात नुसते घड्याळ होते. ते काढून त्यांनी हात पुढे केला. "मग भरा आणि बोला."

मी पेटी उघडली. अंजिरी रंगाच्या निवडल्या. त्यांचा हात हातात घेतला, अंगठा तळहातात दाबला.

"हात सैल सोडा ताई. धरून ठेवला की दुखतो." एवढे म्हटले आणि जीभ सुटली. "हा बघा सांधा. हा हाडावर येऊ द्यायचा न्हाई, हे मला आमच्या आत्याबाईंनी शिकवलं. त्यांनी जन्मभर बांगड्या भरल्या अन् जन्मभर ह्या सांध्याला शिव्या घातल्या. कोण जोडतंय ते त्यांनी बघितलं न्हाई. मी पण आजच बघितलं. तळ्याचा सिनेमा चांगलाच असंल, पण गाळ काढायला गडीमाणसंबी लागतात, अन् ती उन्हाळ्यातच घरी मोकळी असतात. हा आपल्या हातातला हाय. गाडीत बसायच्या आधी बाया माझ्याकडनं बांगड्या भरून घेतात. ह्या वर्षी त्यांनी आधी हे बघावं, मग हात पुढं करावा. अन् आमच्या म्हातारीनं बघावं. झालं ताई, दुसरा हात द्या."

दुसरा हात भरून झाल्यावर मी मान वर केली. मंगलताईंनी रीतीप्रमाणे वाकून मला नमस्कार केला. बांगड्या भरल्यावर कासारणीला करतातच, पण एवढ्या बायकांत मला लाज वाटली.

शेवंताबाईच पहिल्यांदा बोलल्या. "तळं काय पळून जात न्हाई. आधी बांगड्या दावा. पण मंगलताई, उन्हाळ्यात तळं आमच्या वडगावापासून सुरू करायचं, हे आत्ताच सांगते." सगळ्या हसल्या आणि हात वर झाले. मग त्याच वर झालेले हात माझ्या पुढ्यात आले, आणि परतीच्या गाडीत माझी पेटी हलकी होती.

काही दिवसांनी मंगलताई पडदा घेऊन आमच्या गावात आल्या. दिवे लागल्यावर शाळेच्या भिंतीला पडदा बांधला. आत्याबाईंना खुर्चीसकट उचलून आणून पुढे बसवले. सळईवर काच गुंडाळली जाताना त्या मान तिच्याबरोबर फिरवत होत्या. जोडणाऱ्या बायका आल्या तशा त्या खुर्चीत पुढे सरकल्या. आणि ती बाई म्हणाली, माझी बांगडी कुठे जाते ते मला ठाऊक नाही, तेव्हा आत्याबाई पडद्याकडे हात करून मोठ्याने म्हणाल्या, "हितं येती गं बाय! हितं, माझ्याकडं येती!"

पोरीबाळी हसल्या. आत्याबाई कुणाकडे बघत नव्हत्या.

हा सिनेमा मी सगळ्यांना बघायला सांगते. आता सांगायला जमते, हात हातात असला की झाले. धनगराचा आणि मिठागराचाही सांगते. आणि तळ्याचा बघायला मी उन्हाळ्यात वडगावला जाणार आहे, कारण शेवंताबाईंनी जेवायला बोलावले आहे.

गावात सिनेमा दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सूनबाई ओट्यावर आली. तिचे सामान बांधून झाले होते, ऊसतोडीची गाडी यायची होती. आत्याबाई तिला हिरव्या बांगड्या भरत होत्या. एक बांगडी चढता चढता सांध्यातच तडकली. मी आत भाकरी थापत होते. आता तोंड सुटणार म्हणून हात थांबवून ऐकत राहिले.

आत्याबाईंनी तुकडे गोळा करून बाजूला ठेवले. पेटीतून दुसरी बांगडी घेतली.

"लई उकडत आसंल गं तिला," त्या म्हणाल्या. "हात सैल सोड."