कानवाला मिस्त्री

कळमन्याच्या रोडवर आमच्या घरच्याइले, म्हणजे माझ्या नवऱ्याले, सारे 'कानवाला मिस्त्री' म्हणतात. रुपराव हे नाव फक्त आधार कार्डावर. गाडी चालू करून डोळे मिटाचे, आवाज ऐकाचा आन् कोणता सिलिंडर मेला ते सांगाचं. बाकीचे मिस्त्री मशीन लावतात. यायले मशीनचा भारी राग.

परवा चिन्मयी आली, मिहानात नोकरी करणारी. "काका, गाडी लय झटके मारून राहिली," म्हणे. गाडी चालू ठेवाचं काम माझं, म्हणून मी सीटवर बसली. यायनं बोनट उघडून एकेका सिलिंडरले ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर काढून परत लावली. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन अजूनच अडखळते, मेलेल्याची काढली तर काही फरक पडत नाही. तिसऱ्याले आवाज होता तसाच राहिला. मले सीटवर बसूनबी समजलं. आन् हे म्हणतात, "दोन नंबर."

मी चाटच पडली. वाटलं, मस्करी करून राहिले. पण यायनं खरंच दुसऱ्यावर नवी कॉइल बसवली. गाडी तशीच फटफट करत होती, आन् हे हासत चिन्मयीले विचारतात, "झाली ना बरी?"



वर्षभरापासून दरवेळी मले विचारत, "तूच सांग वं मनकर्णा, कोणता सिलिंडर?" मले वाटे, लाडानं शिकवून राहिले. मी फुगून सांगे. आज विचारलं नाही, कारण सकाळीच आमचं भांडण झालं होतं. हाका मारून घसा सुकला तरी ओ देत नाही म्हणून मीच भांडली होती बाप्पा.

मी उतरली आन् तिसऱ्या सिलिंडरवर बोट ठेवलं. यायनं नवी कॉइल काढून तिथं लावली, दुसऱ्याची जुनी परत जागेवर बसवली. गाडी शांत झाली. चिन्मयी गेली.

हे पाठमोरे हात पुसत होते. "काहून नाही सांगतलं मले?" मी मागून ओरडली. पुसतच राहिले.  समोर जाऊन उभी राहिली तेव्हा कुठं वर पाहिलं.

"दुकान बंद करू का वं?" यायनं विचारलं.

"कायले? मी हाओ ना. भांडण झालं तरी विचारत जा."

"काय म्हटलं?"

मी परत सांगतलं, हळूहळू, तोंड यायच्याकडे करून.