न दिलेले दाखले

आमच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला एक सकाळ लागायची आणि कॉलेज सोडायला महिना. या गोष्टीचा मला भयंकर राग होता, आणि राग आला की मी पत्रक काढते. इतरांना डोकेदुखी होते, मला पत्रक होतं.

शहरात आमच्या कॉलेजला सकाळचं कॉलेज म्हणतात. सात ते साडेदहा वर्ग, मग पोरंपोरी कामाला. कुणी कपड्याच्या दुकानात, कुणी मेसमध्ये पोळ्या लाटायला, कुणी वाळूजच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. अर्धे सर तासिका तत्त्वावर. आमचा तास संपला की हेल्मेट घालून दुसऱ्या कॉलेजात तास घ्यायला पळायचे. फी इतकी कमी की वर्षाच्या फीत जालना रोडवरच्या एखाद्या क्लासचा महिनाही निघाला नसता. "तिथं तर कुणीबी जातं," असं लोक तोंड वाकडं करून म्हणतात. व्हय, कुणीबी जातं. म्हणूनच ते पाहिजे. पण ही अक्कल मला नंतर आली. तेव्हा मला फक्त टीसीचा राग होता.

टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. अर्ज केला की ऑफिसातले काका तो चष्म्याच्या वरून वाचायचे आणि नो ड्यूजचा कागद हातात द्यायचे. त्यावर ग्रंथालयाची, जिमखान्याची आणि प्राचार्यसाहेबांची सही लागते. ग्रंथालयातल्या मॅडम रजिस्टरावर बोट फिरवत सावकाश म्हणायच्या, "तुमच्या नावावर एक पुस्तक दिसतंय."

"मॅडम, मी नेलंच नाही."

"घरी शोधा. सोमवारी या."

सोमवारी जिमखान्याचे सर रजेवर. गुरुवारी साहेब विद्यापीठात. पुढच्या सोमवारी पुन्हा ते पुस्तक.

पहिल्या वर्षी मीही यातून गेले. माझे वडील अजिंठ्याला लेणीच्या पायथ्याशी चमकणारे दगड विकतात. पर्यटक आले तर बरं, नाही आले तर दगड कुठं जात नाहीत. पुण्याच्या मामेभावानं मोबाइलच्या दुकानात नोकरी बघितली आणि मी टीसीचा अर्ज टाकला. माझ्या नावावर अर्थशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक निघालं. मी ते होस्टेलच्या गाद्या उचकटून शोधलं. तीन आठवडे गेले, पुण्याची जागा दुसरीला मिळाली आणि मी राहिले. राहिले ती रागानं. त्याच रागात विद्यार्थी संघटनेत गेले. माझ्या सगळ्या चळवळीच्या मुळाशी मी कधीच न नेलेलं एक पुस्तक आहे.

शेवटच्या वर्षाला ही गोष्ट माझ्या मैत्रिणीवर आली. ती कन्नडकडची, हर्सूलला मावशीकडं राहायची. वडील कन्नडच्या रस्त्यावर जीप चालवायचे. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं आणि जीप दारात उभी राहिली. धाकट्या दोघी शाळेत. मैत्रिणीला वाळूजला एका ठेकेदाराकडं पॅकिंगचं काम मिळत होतं, पण त्याला टीसी ओरिजिनल पाहिजे होती. ओरिजिनल कागद ताब्यात असला की पोरगी मध्येच काम सोडत नाही, असा त्याचा हिशेब. शेवटचं एक सेमिस्टर राहिलं होतं. ते झालं असतं तर ती पदवीधर. नाही झालं तर बारावी पास, आयुष्यभर.

हे मला दिसायला पाहिजे होतं. मला दिसलं फक्त एवढंच, की ऑफिसातला बाबू तिला अडवतोय.

"तिसरी चक्कर हाय माझी," ती म्हणाली. "तू एवढी भाषणं करतीस, एक कागद काढून दे की."

"आठ दिवसांत काढते."

"आठ दिवस? मग तुझ्यात आन् काकांत काय फरक?"

मला ते झोंबलं. औरंगपुऱ्यात झेरॉक्स काढून दुसऱ्या सकाळी साडेसहाला मी गेटवर उभी. पत्रकाच्या डोक्यावर लिहिलं होतं : हर्सूलच्या जेलातून माणूस सुटतो, आमच्या कॉलेजातून नाही! खाली विद्यार्थ्यांचे हाल, कर्मचाऱ्यांची मुजोरी, तीन दिवसांत दाखले द्या नाहीतर टाळं ठोकू. पोरं वाचून हसत होती. एक म्हणाला, "ताई, जेलात जेवण तरी मिळतं." साडेनऊला प्राचार्यांच्या केबिनसमोर आम्ही खाली बसलो. अकराला त्यांनी काकांना बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, अडकलेले सगळे दाखले आजच द्या.

काकांनी वाद घातला नाही. दुपारपर्यंत एकेक लिहीत बसले. मैत्रिणीचा कागद त्यांनी तिच्या हातात न देता माझ्या हातात दिला.

"घ्या. जिंकलात. आता हिच्याकडं लक्ष ठेवा."

मला वाटलं, धमकी देतायत. मैत्रिणीनं टीसी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, मला कडकडून मिठी मारली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सात वाजता तिचा बाक रिकामा होता. मी मनात म्हणाले, ठीक आहे, तिचा हक्क होता.

पण काकांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. धमकी देणारा माणूस असा थकलेला दिसत नाही. आणि एक साधा प्रश्न मला आधी कधी पडलाच नव्हता. या माणसाला अडवून मिळतं काय? चहासुद्धा कुणाचा घेत नाही. ऑफिसातल्या रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत, तीन टेबलांचं काम एकटा करतो. ज्याला काम कमी करायचंय तो एकाच पोराला सहा चकरा मारायला लावून सहा वेळा का भेटेल?

आठवड्यानं मी जाऊन विचारलं. सरळच. "काका, कामून अडवायचात?"

त्यांनी शिक्के जागेवर लावले. मग खालचा ड्रॉवर ओढला. आत सुतळीनं बांधलेले अर्ज होते, पिवळे, काही तर माझ्या जन्माआधीचे वाटावेत असे.

"ह्या अर्जांचे दाखले कुणी नेलेच नाहीत," ते म्हणाले. "चकरा मारता मारता परीक्षा आली. परीक्षा आली तर म्हणाले, आता देऊनच जाऊ."

"आणि ते पुस्तक?"

"ते मॅडमचं डोकं."

एकेका अर्जामागं पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं. आता तलाठी. आता जिल्हा परिषद शाळेत. आता दवाखान्यात नर्स. आता माहीत नाही. 'माहीत नाही' बरेच होते. मध्येच माझाही अर्ज निघाला. मागं लिहिलं होतं : संघटनेत गेली, त्रास देते.

मी हसले नाही. मला राग यायला पाहिजे होता, आणि आलाही. कुणी कधी काय सोडायचं हे ठरवणारे हे कोण? पण रागापेक्षा कुतूहल मोठं निघालं, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मी काही पत्ते उतरवून घेतले आणि पुढचे काही रविवार एसटीनं फिरले. सगळ्यांना एकच विचारायचं : तुमची टीसी वेळेवर मिळाली असती तर?

कन्नडच्या बाजारात भेटलेला तलाठी भाजीची पिशवी खाली ठेवून हसला. "तर मी ट्रकवर क्लीनर. सगळं ठरलं होतं. त्या बाबूला मी लई शिव्या दिल्या." मग म्हणाला, "आमच्या घरात सातबारा वाचता येणारा मी पहिला. आता लोक माझ्याकडं येतात." हे सांगताना तो थोडा फुगला. फुगू दे.

अजिंठ्याजवळच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "माझं लग्न ठरवत होते. मी घरी सांगितलं, टीसी मिळंना, पुस्तक हरवलंय, दंड व्हईल. महिना गेला. तेवढ्यात मुलाकडच्यांनी दुसरी पसंत केली." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पुस्तक हरवलं नव्हतं हे मला माहीत होतं गं."

तिसऱ्याचा अर्ज ड्रॉवरमध्ये नव्हता, पत्ता तलाठ्यानं दिला; तो हर्सूलला रसवंती चालवतो. त्यानं ग्लास माझ्यासमोर आपटला. "मला नाशिकला डिप्लोमाला नंबर लागला होता. टीसीची मुदत गेली. नंबर गेला. त्या बाबूला सांग, मी इसरलो नाय."

मी परत येऊन काकांना सांगितलं. वाटलं होतं, कारणं सांगतील. त्यांनी पाकिटातून घडी केलेला एक अर्ज काढून दाखवला. रसवंतीवाल्याचा. "ड्रॉवरमध्ये नाही ठेवत हा," एवढंच म्हणाले. त्या मुलानंतर दुसरीकडं प्रवेश मिळालेल्यांचे दाखले ते त्याच दिवशी देत असत. हे मी पत्रक लिहिण्याआधी तपासलं नव्हतं.

म्हणजे काका देवमाणूस नव्हते. माणसं अडवण्याची सत्ता कुणाच्याही ड्रॉवरमध्ये असू नये, हे मी आजही म्हणते. पण स्वस्त कॉलेज म्हणजे काय, हे मला त्या रविवारांत फिरताना कळायला लागलं. फी कमी, एवढ्यानं होत नाही. स्वस्त म्हणजे जिथं चुकायला परवडतं. नापास होऊन पुन्हा बसायला परवडतं. महिनाभर गायब होऊन परत यायला परवडतं. पैसेवाल्यांच्या पोरांना ही सोय घरीच असते, आमच्या पोरांना ती कुठंतरी बाहेर लागते. आमच्याकडं ती एका पडक्या इमारतीत, तासिकेवरच्या सरांच्या आणि तीन टेबलांच्या एका बाबूच्या जिवावर चालू होती. आणि मी तिला टाळं ठोकायला निघाले होते.

"माझ्या मैत्रिणीचं आता काय?" मी विचारलं.

काकांनी विद्यार्थ्यांचं मोठं रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढं 'कॉलेज सोडले' हा शेरा लिहिलेलाच नव्हता. त्या दिवशी दाखला नेलेल्या बाकी सगळ्यांपुढं होता. "शनिवारी साडेबाराला परीक्षेचे फॉर्म बंद. तोवर ओरिजिनल टीसी परत आली, तर मी ती रद्द करतो. नंतर माझ्याही हातात नाही."

बुधवारी दुपारी मी वाळूजला कंपनीच्या गेटवर. पाळी सुटली. मैत्रीण डोक्यावरची जाळीची टोपी काढत बाहेर आली. बोटं पॅकिंगच्या चिकटपट्टीनं कापलेली होती.

"आता काय काढून देतीस?" तिनं विचारलं.

मी भडाभडा सगळं सांगितलं. काका, ड्रॉवर, पुस्तक, शनिवार.

"म्हंजे तू मला बाहेर काढलंस, आता तूच आत घालणार. मी काय गं, पत्रक हाय का? छापलं, वाटलं, चुकलं, परत छापलं?"

मग मी मला येतं ते केलं. ठेकेदार मोटारसायकलवर बसत होता, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आवाज चढवला. ओरिजिनल कागद ठेवून घेणं बेकायदेशीर आहे, उद्या गेटवर पत्रक वाटते, बघाच. तो मला नाही, तिला म्हणाला, "ही कोण? हिला सांगून ठेव."

मैत्रिणीनं माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. "गप. नोकरी माझी हाय, तुझी नाय. घरी जा."

"पण शनिवार..."

"शनिवार मला कळतो. जा."

मी गेले. ते तीन दिवस मी काहीही छापलं नाही. हे लिहायला सोपं वाटतं.

शनिवारी दहापासून ऑफिसच्या बाकावर बसून होते. काका मुद्दाम माझ्याकडं बघत नव्हते. बारा वाजले. सव्वाबारा. शिपायानं एका खिडकीचं दार लावून घेतलं. बारा वीसला ती आली, कंपनीच्या निळ्या शर्टात, घामाघूम, आणि पिशवीतून टीसी काढून काकांसमोर ठेवली. कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता.

"कशी सोडवलीस?" मी विचारलं.

"बारावीचं मार्कशीट ठेवलं त्याच्याकडं. म्हणलं, साहेब, मी पदवी पास झाले तर तुमची डिस्पॅचची चलनं कॉम्प्युटरवर मी करीन, बाहेरचा माणूस लावू नका. आन् दुसरी पाळी द्या, सकाळी कॉलेज हाय." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "तो म्हणला, हे आधी कामून नाय सांगितलं. मी म्हणलं, आधी मला कुणी इचारलंच नाय. ह्या बाईनंबी नाय."

ही बाई म्हणजे मी.

काकांनी टीसीवर तिरकी लाल रेघ ओढली आणि परीक्षेचा फॉर्म तिच्यापुढं सरकवला. "ग्रंथालयाची सही आणा. पळा."

आम्ही दोघी जिना चढून पळालो. मॅडम पर्स खांद्याला लावून निघतच होत्या. फॉर्म बघितला, पर्स खाली ठेवली, रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवत म्हणाल्या, "तुमच्या नावावर एक पुस्तक दिसतंय."

"मॅडम, मी ते नेलंच नव्हतं."

मॅडमनी मागच्या कपाटातून सांख्यिकीचं एक पुस्तक काढलं, फडक्यानं पुसलं, तिच्यापुढं ठेवलं आणि फॉर्मवर सही केली.

"मग आता न्या."

तिनं ते जाळीच्या टोपीबरोबर पिशवीत कोंबलं. फॉर्म खिडकीत गेला तेव्हा शिपाई दुसरं दार लावत होता. दोनची कंपनीची बस गाठायची होती म्हणून ती लगेच निघाली. माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. सोमवारी सात वाजता मात्र बाकावर होती, आणि शेजारची जागा तिनं पिशवी ठेवून अडवली होती. मी गेले तशी पिशवी उचलली.