गुरुनाथरावांचं छत्रीस्तोत्र

माझे जावई गुरुनाथराव गाऊ लागले तेव्हा त्यांना चव्वेचाळिसावं लागलं होतं. तोवर गाण्यातल्या त्यांनी फक्त वायरी ओढल्या. आयर्लंडातल्या आमच्या नावन गावच्या मराठी मंडळात माइक लावणं, आवाज लहानमोठा करणं, कार्यक्रम संपला की सगळं गुंडाळून गाडीत भरणं, हे नऊ वर्षं त्यांच्याकडे. गाणाऱ्याला टाळ्या, वाजवणाऱ्याला टाळ्या, चकल्या करून आणणारीलासुद्धा टाळ्या. वायरवाल्याला टाळ्या कोण वाजवतो? वायर नीट लागली तर तो कुणाला दिसत नाही, नाही लागली तर सगळे त्याच्याकडेच बघतात.

पुण्याला शाळेत असताना समूहगीताच्या बाईंनी त्यांना मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." पाचवी ते दहावी त्यांनी ओठ हलवले. हे त्यांनी मला बटाटे सोलता सोलता सांगितलं, हसत सांगितलं, पण त्या दिवशी साल फार जाड निघाली. एकदा आपण पुढे उभं राहावं, गावं आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, एवढीच त्या माणसाची हौस. माझी लेक वृंदा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. ती लहानपणी आठ वर्षं गाणं शिकलेली. नवऱ्याला ती हसत नाही हो. पण ते गुणगुणायला लागले की तिला दुसऱ्या खोलीत काहीतरी काम आठवतं.

तर झालं असं, की सँट्री भागात गुरुनाथरावांच्या ऑफिसात एक जपानी साहेब होते. मोरिता-सान. एवढा सहा फुटी माणूस, हुद्द्यानं थोर, त्याला सान का म्हणतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते मायदेशी परत गेले आणि जाताना आपलं कॅरिओकीचं यंत्र यांना देऊन गेले. त्यात गाण्याची नुसती वाजंत्री वाजते, शब्द आपण म्हणायचे, आणि शेवटी यंत्र शंभरातले मार्क देतं.

मंडळाच्या सेक्रेटरी विभावरीताईंना हे कळलं. मागच्या दिवाळीत सतरा जण गायले होते आणि जेवण पार गार झालं होतं. त्यांनी नियम काढला: आधी यंत्रापुढे गायचं, ऐंशी मार्क पडले तरच दिवाळीला स्टेज. "यंत्राला नातीगोती नसतात," म्हणाल्या. यंत्र यांचंच, आणि त्या यंत्रानं यांचीच वाट अडवली.

यंत्रात थोडी हिंदी गाणी होती. गुरुनाथराव त्यातलं एक गायले. त्रेचाळीस. खाली जपानीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ त्यांनी काढला नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "आई, मी जपानी गाणार."

"का हो? हिंदीनं काय घोडं मारलंय?"

"हिंदी चुकलं तर हॉलमधल्या ऐंशी माणसांना कळतं. जपानी चुकलं तर फक्त यंत्राला कळतं. एकालाच पटवायचं."

मी विचार केला, माणूस शिकलेला आहे.

मग सोपं गाणं शोधायची अवघड मेहनत सुरू झाली. कॉम्प्युटरवर मोठा तक्ता केला. कुठल्या गाण्यात आवाज किती वर चढतो, एका दमात किती शब्द येतात, कुठली ओळ पुन्हा पुन्हा येते. प्रेमात पडलेल्यांची गाणी बाद, ते लोक फार उड्या मारतात. प्रेम मोडलेल्यांची चांगली, ती सावकाश चालतात. मध्ये ला-ला-ला असेल तर फारच उत्तम, त्याला पाठांतर लागत नाही. दीडशे गाणी चाळली.

वृंदा म्हणाली, "गुरू, एवढ्या वेळात तुझा सा लागला असता."

माझी नात सानिका तेरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इथल्या इंग्रजीत. "दॅट्स चीटिंग लाइक, डॅड."

"चीटिंग नाही, सिलेक्शन," ते म्हणाले.

शेवटी एक गाणं ठरलं. एका मुलीची छत्री दुकानात राहते, ती भिजत स्टेशनपर्यंत जाते, मुलगा छत्री घेऊन मागे येतो तोवर गाडी सुटलेली. एवढंच. छत्रीला जपानीत कस म्हणतात, आणि प्रत्येक कडव्यात चार वेळा कस. गुरुनाथरावांनी सगळं गाणं देवनागरीत सुबक अक्षरात लिहून काढलं. मी तो कागद पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं जमिनीचा कस, शेतीचं गाणं दिसतंय.

गाडी शहात्तरवर अडली. ओळीगणिक पडद्यावर एक पट्टी येते, बरोबर गायलं की हिरवी, चुकलं की लाल. यांच्या सगळ्या पट्ट्या हिरव्या, पण कस आला की लाल. निवड रविवारी, आणि शनिवारी सकाळीही शहात्तरच. वृंदा ड्युटीवर. मध्येच यांना फोन आला, ते बाहेर गेले, वाजंत्री चालूच. कागद माझ्या मांडीवर, माइक शेजारी. मी आपली वाचायला लागले.

आता मी तिसरीपर्यंत शिकलेली. आमच्या बाई एकेक अक्षर सुटं म्हणायला लावायच्या, आणि ते जोडून म्हणायची वेळ यायच्या आत माझी शाळा सुटली. म्हणून मी अजून तसंच वाचते. क. स. दोन्ही अक्षरं पूर्ण, पोट भरलेली. वर बघते तो पट्टी हिरवी.

गुरुनाथराव दारात उभे. "आई, काय केलंत तुम्ही?"

"काही नाही बाई, वाचलं. तुम्ही कस्‌ म्हणता. स पुरा उच्चारायच्या आत तोंड मिटता. यंत्र बिचारं स-मधला अ यायची वाट बघत बसतं."

"पण लिहिलंय तर बरोबर."

"लिहिलंय बरोबर, वाचताय मराठी. आपण शेवटचा अ गिळतो, जपान्यांना तो लागत असेल. सा तरी लिहायचं."

"सा लिहिलं तर लांबेल. ते ऱ्हस्व आहे."

"मग तिसरीत बसा," मी म्हटलं.

बसले. एवढे इंजिनिअर, पण तासभर माझ्यासमोर गाण्यातले शब्द अ-न-त, क-स, अ-स असे सुटे म्हणत होते, तर्जनी कागदावर ठेवून. कुठलंच अक्षर अर्धं नाही, कुणाला घाई नाही. रविवारी चौऱ्याऐंशी पडले. विभावरीताई गाण्याच्या वेळी बाहेर फोनवर होत्या; आत येऊन त्यांनी नुसता आकडा बघितला आणि यंत्राला दोनदा थापटून बघितलं.

दिवाळीला हॉल भरला. गुरुनाथरावांनी नवा कुर्ता घातला होता आणि वायरी दुसऱ्याकडे दिल्या होत्या. दुसऱ्याचा हात नवा, त्यामुळे वाजंत्री काही येईना. हे म्हणाले, राहू दे, आणि डोळे मिटून तसेच सुरू झाले. सावकाश, एका पट्टीत, प्रत्येक अक्षर शेवटपर्यंत. क-स, क-स.

दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी बूट काढले. मग कुणीतरी हात जोडले. मग शेजारणीनं. बघता बघता सगळा हॉल हात जोडून उभा. आपल्याकडे अक्षरं अशी पुरी कोण म्हणतं? पूजा सांगणारे गुरुजी. दाराशी हॉलचा आयरिश राखणदार होता, त्यानंही टोपी काढून छातीशी धरली. फक्त वृंदा खाली बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

गाणं संपलं. गुरुनाथरावांनी डोळे उघडले आणि थांबले. मला माहीत होतं कशाची वाट बघताहेत. पण स्तोत्राला टाळ्या कोण वाजवतं? लोक डोळ्यांना हात लावून खाली बसले.

विभावरीताई हात जोडूनच पुढे आल्या. "गुरुनाथ, इतकी वर्षं कुठं लपवलं होतंस? कुठल्या देवतेचं?"

मीच म्हटलं, "पावसाचं आहे." खोटं काहीच नव्हतं त्यात.

"मग म्हणतच जा बाबा," त्या म्हणाल्या, "इथला पाऊस थांबला तर बरं."

आता दर कार्यक्रमाला दिवा लावला की पहिला मान यांचा. पुढच्या महिन्यात लेटरकेनीला वृंदाच्या ओळखीच्या डॉक्टर अभिजितच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, तिथलंही बोलावणं आलंय. गाडीनं तीन तास. छत्रीचं पुन्हा नको म्हणून गुरुनाथरावांनी तक्ता परत उघडलाय. कुणी घर सोडून गेल्याचं एक गाणं फार सोपं आहे म्हणतात, पण ते वास्तुशांतीला बरं दिसेल का, म्हणून अडलंय.

काल मी पोळ्या लाटत होते तेव्हा जवळ येऊन उभे राहिले. "आई, तिथं तरी टाळ्या वाजवतील का?"

"नाही वाजवायचे. पाया पडतील, नारळ देतील."

मग म्हणाले, "सांगून टाकू का सगळ्यांना, की गाणं आहे म्हणून?"

"सांगा की. मग पुन्हा वायरी."

त्यांनी तव्यावरची पोळी उलटली, कागद काढला आणि नव्या गाण्याच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.