सगळ्या मंडळीने आमेन म्हटलं

पहिल्या भेटीत चष्मेकाकांनी माझ्या नाकावर जे ठेवलं, ते बहुधा एखाद्या जुन्या रेल्वे इंजिनाचं पुढचं तोंड असावं. ते म्हणाले, ही तपासणीची फ्रेम आहे. मी म्हटलं, असेल. वाद घालायला मान तरी वर व्हायला हवी ना. मग लाकडी पेटीतली भिंगं एकेक काढून ते त्या इंजिनात खुपसत गेले आणि दर खेपेला विचारत राहिले, "हे बरं, की हे?" दुकानात शिरलो तेव्हा मी चाळिशीतला धडधाकट गृहस्थ होतो. बाहेर पडलो तेव्हा माझी दाढी पिकली होती, मुलं कमावती झाली होती, आणि लग्न केलं ते बरं की न केलेलं बरं, इथवर माझ्या शंका पोचल्या होत्या. मधेच कधीतरी त्यांनी रविवारी चर्चला येण्याचं कबूल करून घेतलं. मी जन्माने त्याच मंडळीतला, पण लग्नं आणि अंत्यविधी सोडले तर तिकडे फिरकत नसे. समोरच्या भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसत नसलेला माणूस नाही म्हणत नाही.

चष्मेकाका मंडळीतले वडील. वडील म्हणजे वयाने नव्हे, पदाने. वयाने तर होतेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात दातांची डॉक्टर होती. "मी डोळे घेतले, तिने दात. उरलेला चेहरा जावईबापूंना," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. मुलीला ते ठमी म्हणत. कपाळावर दिवा बांधून लोकांच्या दाढा उपटणारी बाई फोनवर अजून ठमीच होती.

दर रविवारी उपासना संपली की काका बाहेरच्या बाकावर बसून ठमीला फोन लावत आणि पाळकसाहेबांचा उपदेश पहिल्यापासून सांगत. पाळकसाहेबांचं नमनालाच घडाभर तेल जायचं; काका त्यात आपली पळीभर भर घालत. ठमीने लग्नानंतर चर्चला जाणं सोडलं होतं. ती हूं हूं करत ऐकायची. एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही हे लिहून का नाही ठेवत? मी सवडीने वाचीन."

यातला अर्थ कुठल्याही शहाण्या माणसाला कळला असता. काका सोमवारी सकाळी माझ्याकडे आले.

"भाऊ, तुम्ही पेपरात काहीबाही लिहिता. मला ब्लॉग काढून द्या."

"कशावर लिहिणार?"

"विश्वास आणि मंडळीचं जीवन."

"काका, हे कोण वाचणार?"

"ठमी वाचणार आहे. ती स्वतः म्हणाली."

मी फुकटातला ब्लॉग काढून दिला. पहिले काही लेख असे होते की वाचणाऱ्याचा होता तो विश्वासही उडावा. मी म्हटलं, "काका, उपदेश पाळकांना करू द्या. तुम्ही फोनवर मधेच हसून जे सांगता ते लिहा." काकांना ते गैर वाटलं, पण करून पाहिलं. गायनसंघातल्या मोठ्या ताई कुठल्याही गीतात सगळ्यांच्या एक ओळ पुढे असतात, तेव्हा स्वर्गातही त्याच आधी पोचतील आणि दार उघडायला उशीर झाला म्हणून बोलतील, असं त्यांनी लिहिलं. अर्पणाची थैली फिरते त्या क्षणी सगळी मंडळी डोळे मिटून कशी एकदम भाविक होते, तेही लिहिलं. मोठ्या ताई एक रविवार रुसल्या, आणि पुढच्या रविवारी लेख छापून आणून सगळ्यांना दाखवू लागल्या. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "माझ्यावर कधी लिहिणार आहेत, काही बोलले का?"

आणि खरोखरच ठमी वाचू लागली. एका लेखाखाली तिने लिहिलं, "बाबा, खुर्चीतून पडले असते. तोंड उघडं टाकून पेशंट माझ्याकडे बघत होता." तो शेरा काकांनी दुकानात येईल त्याला दाखवला. ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं त्यांना वाचून दाखवला. आता रविवारी फोन तिचा येऊ लागला. त्या वर्षी चष्मेकाकांइतका सुखी माणूस आमच्या रस्त्यावर नव्हता.

मग एका रविवारी काका फोन संपल्यावरही बाकावरून उठले नाहीत. ठमी आणि जावई वेगळे राहत होते, सहा-आठ महिने झाले होते. तिने ते पहिल्यांदा कोणाला सांगितलं, ते बापाला.

आता आमच्या मंडळीची रीत अशी. बुधवारी प्रार्थनासभा भरते. ज्याच्यावर जे ओढवलं असेल ते तो उभा राहून सांगतो: कोणाचा मूतखडा, कोणाचा मुलगा नापास. सगळे मिळून प्रार्थना करतात, शेवटी आमेन म्हणतात, आणि माणूस हलका होऊन घरी जातो. काकांची उभी हयात यात गेली होती. दुःख झाकून ठेवणं म्हणजे देवावर अविश्वास, असंच ते मानत. त्यांच्या आजाराच्या वेळी, बायको गेली तेव्हा, याच लोकांनी त्यांना तोलून धरलं होतं. आणि आता त्यांच्या हाती बुधवारच्या सभेहून मोठी सभा होती.

त्यांनी ब्लॉगवर चार ओळी लिहिल्या. माझ्या लेकीच्या संसाराला तडा गेला आहे, ती एकटी आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. नाव नव्हतं. त्यांना लेक एकच होती.

संध्याकाळपर्यंत लेखाखाली आमेनची रांग लागली. इतके वाचक आहेत हे मलाही ठाऊक नव्हतं. नुसतं आमेन म्हणून थांबले असते तरी एक वेळ भागलं असतं. पण आमची माणसं प्रेमळ. कोणी ठमीच्या दवाखान्यात फोन केला. मोठ्या ताईंनी सवयीप्रमाणे एक ओळ पुढे जाऊन थेट जावयाला फोन केला आणि क्षमेचं महत्त्व सांगितलं.

ठमीचा फोन आला तेव्हा मी दुकानात चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला बसलो होतो. काकांना ऐकू कमी येई, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असे. मी उठू लागलो तर त्यांनी हातानेच बसवलं.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"ठमे, कितीजणांनी प्रार्थना केली बघितलंस का? काही तर नावं मलाही—"

"मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"अगं, एकट्याच्या प्रार्थनेत काय जोर असतो?"

"मला प्रार्थना नको होती. बाबांना सांगायचं होतं, म्हणून बाबांना सांगितलं. बापाने ऐकून घ्यायचं असतं. बस."

"चुकलं माझं. काढून टाकतो. आत्ता काढतो."

"काढा," ती म्हणाली. "पेशंट बसलाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तेवढं काढता का? मला काही दिसत नाहीये." मी काढलं. खालची आमेनंही गेली.

ठमी ओरडली नाही, रुसलीही नाही. महिन्यातून एकदा फोन करी. तब्येत विचारी, गोळ्या घेताय ना विचारी. काका विचारत, "तू कशी आहेस?" ती म्हणे, "छान." सगळंच छान असायचं, दवाखाना छान, हवा छान. ब्लॉगचं तिने पुन्हा नाव काढलं नाही.

काका मात्र लिहीत राहिले. चर्चच्या छतात पारव्यांनी घर केलं ते, पाळकसाहेबांना भर उपदेशात उचकी लागली ते. पूर्वीसारखंच हसवत, कदाचित थोडं जास्तच. एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, तिला एकदा सरळ सांगा ना, वाच म्हणून."

"नको. आधीच एकदा जास्त बोललोय," ते म्हणाले आणि काच पुसत बसले.

प्रार्थनासभेला ते येत, मागे बसत, दुसऱ्यांच्या मूतखड्यांसाठी मनापासून प्रार्थना करत. स्वतः मात्र कधी उभे राहिले नाहीत. मोठ्या ताईंनी एकदा विचारलं, "चष्मेकाका, तुमची काही विनंती?" ते म्हणाले, "काही नाही. सगळं छान आहे."

त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ते गेले. ठमी आली. अंत्यविधीला पहिल्या बाकावर एकटी बसली. शेवटच्या गीतात मोठ्या ताई त्या दिवशी सगळ्यांच्या बरोबर गायल्या. बाहेर मी ठमीला ब्लॉगचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हटलं, "नंतरचं पुष्कळ आहे." तिने चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. "वाचायचं आहे," म्हणाली. "इतक्यात नाही जमणार."

पुढच्या वर्षी, ज्या कंपनीकडे काकांचा ब्लॉग होता, तिने फुकट ब्लॉगची सेवा बंद केली. आधी सूचना पाठवली होती. ती काकांच्या ईमेलवर गेली. मला कळलं तेव्हा पान उघडत नव्हतं; लेखही गेले होते. मी ठमीला फोन केला. तिने तोवर वाचलं नव्हतं.